सोलापुरातला जुना मॉडर्न बंगला: जाड भिंतींचा घ्यावा, कॉलम-बीमचा घ्यावा, की पाडून नवा बांधावा?

सोलापुरात विकायला निघणाऱ्या जुन्या बंगल्याची किंमत म्हणजे जवळपास सगळी जमिनीची किंमत. वरचं घर एजंट हिशोबात धरतच नाही, आणि विकणारे वारस पुण्यात, हैदराबादला किंवा परदेशात असतात, त्यांना व्यवहार लवकर उरकायचा असतो. घेणाऱ्यासाठी मात्र ते घर दोन हजार चौरस फुटांचं फुकट बांधकाम ठरू शकतं, नाहीतर पाडायलाच वेळ आणि पैसा खाणारं ओझं. यातलं कुठलं, ते पोर्च आणि बाग बघून कळत नाही. स्लॅबमधली सळई बघावी लागते.

बाजारात हे बंगले साधारण दोन प्रकारचे दिसतात. दोन्हींचा तोंडवळा सारखाच: सपाट गच्ची, लांब आडवे छज्जे, जिन्याला सिमेंटची जाळी, कोपऱ्यात वळणारी लोखंडी खिडकी, ग्रिटचं प्लास्टर, आत मोझॅकची फरशी आणि ओट्याला कडप्पा. चंदीगड या नव्या, आधुनिक घाटाच्या शहराचं काम १९५१ मध्ये सुरू झालं आणि पुढच्या वीसेक वर्षांत हा घाट जिल्ह्याच्या गावांपर्यंत पोचला. गिरण्या, सूतबाजार, दवाखाने आणि वकिली यांच्या जोरावर सोलापुरातही तो उचलला गेला. पण तोंडवळा सारखा असला तरी आतली हाडं वेगळी आहेत.

दोन बंगले, दोन सांगाडे

पहिला प्रकार जाड भिंतींचा. साधारण १९७० पर्यंतचा. दगडी पाया, दगडी जोतं, त्यावर १४ इंची विटेची किंवा १८ इंची दगडाची भिंत आणि भिंतीवर थेट टेकलेला साडेचार-पाच इंची आरसीसी स्लॅब. कॉलम नाहीत; असले तर एखादा पोर्चखाली. सात रस्ता, रेल्वे लाइन्स, मोदी या जुन्या भागांत असे बंगले बघायला मिळतात.

दुसरा प्रकार कॉलम-बीमचा, बहुधा १९७० नंतरचा. ९ इंची चौकोनी कॉलम, त्यावर बीम आणि स्लॅब, मधे ९ किंवा साडेचार इंची विटेची भिंत. होटगी रोड, विजापूर रोड या बाजूंच्या जुन्या सोसायट्यांत हा जास्त.

कुठला प्रकार आहे हे ओळखायला नकाशा लागत नाही. खिडकीच्या कडेला भिंतीची जाडी मोजा आणि छताच्या कोपऱ्यात बीम खाली उतरलेला आहे का ते पाहा. बीम दिसत नाही आणि भिंत १३ इंचांच्या वर भरते, तर ती भिंतच घर उचलून धरतेय.

स्लॅब: इथेच वेळ घालवा

सोलापूरची कोरडी हवा या घरांच्या पथ्यावर पडली आहे. काँक्रीट ताजं असताना अल्कलीधर्मी असतं आणि सळईला गंजू देत नाही. हवेतला कार्बन डायऑक्साइड वर्षानुवर्षं आत झिरपतो आणि हा गुण घालवतो. १:२:४ प्रमाणाच्या, हाताने कालवलेल्या पन्नास वर्षं जुन्या काँक्रीटमध्ये हा थर सळईपर्यंत पोचलेला असणं नवलाचं नाही. पण नुसतं तेवढ्याने गंज चढत नाही. सोबत ओल लागते. कोकणात ती हवेतूनच मिळते. इथे ती मिळते ती गळक्या न्हाणीघरातून, गच्चीवरच्या टाकीखालून, फुटलेल्या कोब्यातून (गच्चीवरचा पाणी अडवणारा थर) आणि पाणी साचणाऱ्या छज्ज्यातून. त्यामुळे सोलापुरातल्या बंगल्याचा स्लॅब सहसा सरसकट सडत नाही, ठिकठिकाणी सडतो. झोपायच्या खोलीचा स्लॅब ठणठणीत आणि त्याला लागून असलेल्या न्हाणीघराचा पार गेलेला, हे चित्र नेहमीचं. म्हणून इथे दुरुस्तीचा पर्याय गांभीर्याने घेण्यासारखा आहे.

तपासणी अशी करा. दोनशे ग्रॅमची छोटी हातोडी घ्या आणि शिडीवर चढून प्रत्येक खोलीचं छत दर फुटावर ठोका. टणटण आवाज म्हणजे ठीक. भदभद आवाज आला की तिथे काँक्रीटचा पदर सुटलेला. खडूने तेवढा भाग आखा आणि शेवटी सगळ्या आखलेल्या भागांचं क्षेत्रफळ मोजा. पुढचा सगळा हिशोब त्या आकड्यावर चालतो. छताला नवा रंग दिलेला असेल किंवा पीओपीचं फॉल्स सीलिंग असेल तर जास्त सावध. दोन पाट्या काढून बघू द्या असं सरळ म्हणा. नकार आला तर तेही उत्तरच समजा.

पुढचं काम स्ट्रक्चरल इंजिनिअरचं. रिबाउंड हॅमर, अल्ट्रासॉनिक पल्स, कव्हर मीटर (काँक्रीटचा टणकपणा, एकसंधपणा आणि सळईवरचा थर मोजणारी साधनं) आणि तीन-चार ठिकाणचे कोअर, म्हणजे काँक्रीटमधून कापून काढलेले नमुने. त्याला एक गोष्ट मुद्दाम करायला सांगा: ताज्या फोडलेल्या काँक्रीटवर फिनॉल्फ्थॅलिनचा फवारा. गुलाबी रंग चढला तितका भाग अजून सळईला राखतोय, रंग चढला नाही तितका भाग निकामी. बिनरंगाचा थर सळईच्या अलीकडे थांबला असेल तर गच्चीचं वॉटरप्रूफिंग आणि नळकाम नीट केल्यावर स्लॅब बरीच वर्षं चालेल.

आता एक उलटी वाटेल अशी गोष्ट. जुन्या, जाड भिंतींच्या घरात बहुधा साधी गोल सळई असते. नंतरच्या कॉलम-बीमच्या घरांत पिळाची सळई आली. ती थंड अवस्थेत पिळलेली असल्याने तिच्यात ताण मुरलेला असतो आणि ओल लागली की ती गोल सळईपेक्षा लवकर गंज धरते. त्यामुळे १९८० चा बंगला १९६२ च्या बंगल्यापेक्षा नवा म्हणून चांगला, असं धरू नका. शिवाय गोल सळईला जोड वेल्डिंगने देता येतो. पिळाच्या सळईला वेल्डिंग केलं की तिची ताकद कमी होते, तिथे पुरेशा लांबीचा लॅप (दोन सळया शेजारी-शेजारी ठेवून जोड) द्यावा लागतो.

दुरुस्ती करायची तर रीत ठरलेली आहे. आधी टेकू लावायचे, मग सुटलेलं काँक्रीट सळईच्या मागे पाऊण ते एक इंच जाईपर्यंत फोडायचं. सळई तारेच्या ब्रशने किंवा वाळूच्या माऱ्याने पांढरी करायची आणि व्हर्नियरने मोजायची. १० मिलिमीटरची सळई ९ राहिली तर व्यासात दहाच टक्के घट दिसते, पण ताकद क्षेत्रफळावर असते आणि ते जवळपास एक पंचमांश गेलेलं असतं. इतकी घट झाली की शेजारी नवी सळई घालायची. मग गंजरोधक लेप, बाँडिंगचा लेप आणि तो ओलसर चिकट असतानाच पॉलिमर मॉर्टर, एका वेळी अर्ध्या इंचाच्या आसपासचा थर.

बिघडतं ते दोन ठिकाणी. मिस्त्री सळईची फक्त खालची बाजू घासतो, मागची तशीच ठेवतो. नव्या-जुन्या मसाल्याच्या सीमेवर गंज पुन्हा धावतो. किंवा बाँडिंगचा लेप सकाळी मारून मॉर्टर जेवणानंतर भरतात. मे महिन्यात तो लेप अर्ध्या तासात कोरडा होतो आणि कोरडा लेप धरण्याऐवजी मधला पडदा बनतो. दोन-तीन वर्षांत पोपडा खाली. दर ठरवताना ‘प्रति चौरस फूट’ एवढंच लिहू नका. सळईमागे किती खोल फोडायचं आणि एका वेळी किती भाग हातात घ्यायचा हे लिहून घ्या.

छज्जे आणि बाल्कन्यांचा हिशोब वेगळा. बाहेर झुकलेल्या छज्ज्यात मुख्य सळई वरच्या बाजूला असते, खाली नव्हे. वरून नळाची किंवा वायरीची खाच मारणारा कामगार नेमकी तीच सळई कापतो. घाटाची ओळख असलेला तो सहा फुटी पोर्च असाच एका दिवसात निकामी होऊ शकतो. छज्ज्याच्या खालच्या कडेला पाणपट्टी, म्हणजे थेंब तुटायची खाच, नसेल तर दुरुस्तीच्या वेळी ती करून घ्या. अर्ध्या इंचाची खाच छज्ज्याचं आयुष्य वाढवते.

गच्चीवर जुन्या कोब्यावर नवा कोबा टाकायचा सल्ला हमखास मिळतो. टाकू नका. चार इंचांचा वीट-कोबा दर चौरस मीटरला १९० किलोच्या घरात जातो आणि वापरात असलेल्या गच्चीसाठी भारतीय मानकात माणसांचा-सामानाचा भार धरतात तो १५० किलो. म्हणजे दुसरा कोबा चढवला की स्लॅबची राखीव ताकद संपलीच. जुना काढा, मग नवा घाला, आणि झाल्यावर दोन इंच पाणी तीन दिवस तुंबवून खालून तपासा. हे काम दिवाळीनंतर सुरू करून मेच्या आत संपवायचं. सोलापुरात पावसाचा जोर बहुधा सप्टेंबरात असतो, तेव्हा ‘जून तर कोरडाच गेला’ म्हणून गच्ची उघडी ठेवणारे पुढे अडकतात.

भिंत काढायची आहे? वर मजला चढवायचा आहे?

जुना बंगला घेणाऱ्या बहुतेकांना स्वयंपाकघर आणि जेवणाची खोली एक करायची असते. कॉलम-बीमच्या घरात मधली भिंत काढणं सोपं, साडेचार इंची असेल तर दोन दिवसांचं काम. जाड भिंतींच्या घरात तीच भिंत दोन्ही बाजूंचे स्लॅब पेलत असते. ती नुसती काढली तर गाळा दुप्पट होतो आणि स्लॅबला वाकवणारा जोर चौपट. तीन फुटांचं दार पाडायचं तर लिंटेल घालून होतं. आठ-दहा फूट उघडायचं तर दोन्ही बाजूंना टेकू, भिंतीतून आरपार आडवे लोखंडी तुकडे, मग पाठीला पाठ लावलेले दोन चॅनेल किंवा आय-बीम आणि त्यांच्या टोकांखाली काँक्रीटचे बैठे ठोकळे, असा क्रम. इंजिनिअरच्या सहीच्या नकाशाशिवाय यात पडू नये. खोल्यांची मोडतोड हाच तुमचा हेतू असेल तर पहिला प्रकार सोडून द्या. तो जसा आहे तसा आवडणाऱ्यानेच घ्यावा.

वर मजला चढवण्याच्या बाबतीत मात्र दोघांचंही उत्तर जवळपास एकच. कॉलम-बीमच्या बंगल्याच्या गच्चीवर कॉलमच्या सळया हात-दीड हात वर सोडलेल्या असतात. विकणारा त्या दाखवून सांगतो, “वर अजून एक मजला आरामात चढतो.” त्या सळया जवळून बघा. चाळीस-पन्नास वर्षं उघड्यावर राहून त्यांचा पापुद्रा नखाने निघतो, आणि बुंध्याशी जी चीर असते तिच्यातून पावसाचं पाणी थेट खालच्या कॉलममध्ये उतरलेलं असतं. तिथून फूटभर खालचं प्लास्टर फोडून पाहा. दुसरं म्हणजे, भूकंपरोधक सळईकामाचं आजचं भारतीय मानक १९९३ मध्ये आलं आणि त्याच्या २०१६ च्या आवृत्तीत कॉलमची किमान रुंदी ३०० मिलिमीटर आहे. तुमच्यासमोरचा कॉलम २३० चा, त्यातली उभ्या सळयांना बांधणारी रिंग ९-१० इंचांवर. त्यावर मजला चढवायचा तर आधी प्रत्येक कॉलमला पायापासून जॅकेट (भोवती नव्या सळया आणि काँक्रीटचं वेष्टण) घालावं लागतं आणि तेव्हा नवं बांधणं स्वस्त पडतं.

भूकंपाचा विषय इथे पुस्तकी नाही. ३० सप्टेंबर १९९३ चा किल्लारीचा धक्का सोलापूरने अनुभवला आहे. जाड भिंतींच्या घरात दगडी भिंत असेल तर तिच्या दोन थरांना जोडणारे आरपार दगड आहेत का आणि भिंतीला कुठे पोट सुटलंय का, हे ओळंबा लावून बघा. तसे दगड नसतील तर ठरावीक अंतरावर भोक पाडून सळईचे जोड घालता येतात आणि लिंटेलच्या पातळीला बाहेरून-आतून जाळीचा पट्टा बांधता येतो. खर्चाचं काम आहे, पण होण्यासारखं आहे.

काळी माती

शहराच्या बऱ्याच भागांत मुरमाच्या वर काळी माती आहे. पावसात फुगते, उन्हाळ्यात आकसते. जाड भिंतींचं घर सलग पट्टीच्या पायावर असतं. पाया मुरमापर्यंत गेलेला नसेल तर खिडकीच्या कोपऱ्यातून तिरक्या चिरा निघतात आणि ऋतूप्रमाणे उघड-मिट करतात. कॉलम-बीमच्या घरात भिंत आणि कॉलम यांच्या सांध्यात उभी, सरळ चीर दिसते. ती दिसायला वाईट पण बहुधा निरुपद्रवी. घाबरायचं ते बीममधल्या तिरक्या चिरेला.

तिरक्या चिरेत जुने रंगाचे थर दिसत असतील आणि रुंदी पाव इंचाच्या आत असेल तर घराने आपली बैठक घेतलेली असू शकते. चिरेवर सिमेंटने काचेची पट्टी चिकटवून पाहता येते, पण त्याला एक पूर्ण उन्हाळा-पावसाळा जावा लागतो आणि विकणारा तितकं थांबत नाही. त्यापेक्षा घराभोवतीचं पाणी शोधा: जोत्याला लागून फुटलेला ड्रेनेजचा चिनी मातीचा पाइप, बागेचा नळ, गच्चीचं पाणी जिथे पडतं ती जागा. पाणी तोडलं आणि घराभोवती तीन-साडेतीन फुटांची उताराची फरसबंदी केली की अर्ध्या चिरा शांत होतात.

उन्हाळा

ब्रोशरमध्ये नसतो पण राहणाऱ्याला रोज भोगावा लागतो असा मुद्दा. मेच्या दुसऱ्या आठवड्यात सोलापुरात दुपारी सूर्य बरोबर डोक्यावर येतो. तेव्हा भिंतींपेक्षा गच्ची जास्त तापते आणि सपाट स्लॅबचा बंगला, कुठल्याही प्रकारचा असो, रात्री नऊला भट्टी होतो. दोन्ही घरांना उपाय एकच: कोब्यावर पांढरी चायना मोझॅक, त्याखाली शक्य असेल तर दोन इंचांचा एक्सपीएस (उष्णता अडवणारा फोम) थर. नुसता पांढरा रंग धूळ बसून दोन उन्हाळ्यांत मळतो आणि दरवर्षी धुवावा लागतो.

भिंतींत मात्र फरक पडतो. १४-१८ इंची भिंत दिवसभर ऊन गिळते आणि उशिरा सोडते; रात्री खिडक्या उघड्या टाकून सकाळी आठला बंद करण्याची शिस्त पाळली तर खोली दुपारी खरोखर गार राहते. ९ इंची पश्चिम भिंतीतून संध्याकाळी ऊब आत येते, तिला बाहेरून सावली लागते. दक्षिणेच्या खिडकीवरचा दोन फुटी छज्जा उत्तम काम करतो: उन्हाळ्यात ऊन आतच येत नाही, डिसेंबरात माध्यान्हीला सूर्य क्षितिजापासून साधारण ४९ अंशांवर असतो तेव्हा खिडकीच्या खालच्या भागातून थोडं ऊन येतं आणि तेव्हा ते हवंच असतं. पश्चिमेला तोच छज्जा कुचकामी, कारण चारनंतर सूर्य त्याच्या खालून घुसतो. तिथे उभे फिन, जाळी किंवा झाड हवं. पश्चिमेला मोठी काच आणि समोर काहीच नाही असा बंगला असेल तर एसीच्या बिलाचा हिशोब किमतीत धरा.

जुन्या लोखंडी खिडक्या काढून सरकत्या ॲल्युमिनियमच्या बसवायची घाई करू नका. झडपेची खिडकी पूर्ण उघडते, दोन ट्रॅकची सरकती खिडकी अर्धीच. संध्याकाळचा वारा निम्मा करून घ्यायचा आणि वर पैसे द्यायचे, हा सौदा आम्हाला पटत नाही. गंज सहसा खालच्या आडव्या सेक्शनला असतो. तेवढा तुकडा कापून नवा जोडणारे वेल्डर अजून आहेत. मच्छरजाळीची चौकट आतून बसते.

मोझॅकचंही तेच. घासणीचे जाड ते बारीक दगड फिरवून आणि शेवटी ऑक्झॅलिकचं पॉलिश करून ती पुन्हा उजळते. चार-दोन फुटलेल्या फरश्या कोठीघरातून उचलून हॉलमध्ये लावायच्या आणि कोठीत शहाबादी टाकायची. वरून व्हिट्रीफाइड टाइल बसवली की जमीन दीड-दोन इंच उचलली जाते, सगळी सागवानी दारं खालून कापावी लागतात आणि न्हाणीघराचा उंबरा उलटा होतो.

एका नजरेत

| बाब | जाड भिंतींचा | कॉलम-बीमचा | पाडून नवा |
|---|---|---|---|
| खोल्यांची फेररचना | अवघड, मर्यादित | सोपी | हवी तशी |
| वर मजला | जवळपास नाही | जॅकेट घातल्याशिवाय नाही | नकाशाप्रमाणे |
| उन्हाळ्यात भिंती | चांगल्या | पश्चिमेला सावली हवी | रचनेवर अवलंबून |
| सळई | बहुधा साधी गोल | बहुधा पिळाची | टीएमटी |
| मुख्य धोका | पाया, दगडी भिंतीचे थर | कॉलमचा बुंधा, बीम | खर्च वाढणे, परवानगीला वेळ |
| कामाचा कालावधी | ५ ते ७ महिने | ५ ते ७ महिने | सव्वा ते दीड वर्ष |

नळ आणि वीज यांत तुलना करण्यासारखं काही नाही; दोन्ही घरांत सगळं काढून नवं घालायचं. भिंतीतले जीआयचे पाइप बोअरच्या जड पाण्याने आतून बुजलेले असतात, तिथे सीपीव्हीसी (प्लास्टिकचे) पाइप. बीडाचे संडासचे पाइप सांध्यांत गळतात. जुनी वायरिंग दोन तारांची, अर्थिंगशिवाय; दिव्यांना दीड, प्लगला अडीच, एसी-गिझरला चार चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर, ३० मिलिॲम्पिअरचा आरसीसीबी (गळती झाल्यास वीज तोडणारा स्विच) आणि नवा अर्थिंगचा खड्डा. हौद मात्र मोजून घ्या. माणशी १३५ लिटर धरले तर पाच माणसांना पाच दिवसांसाठी ३,३७५ लिटर लागतात. पाण्याची पाळी चुकली की दुप्पट. जुना हौद त्याहून लहान असेल तर अंगणात दुसऱ्या हौदाची जागा आहे का ते बघा. आणि गच्चीवरची हजार लिटरची टाकी म्हणजे एक टन वजन, ती स्लॅबच्या मध्यावर ठेवू नका, खाली भिंत किंवा बीम असेल तिथेच.

पाडायचं कधी?

आकडे मांडून बघू. दर फक्त समजण्यापुरते धरलेत, तुमच्या ठेकेदाराचे घालून हिशोब पुन्हा करा. दोन हजार चौरस फुटांचं घर, नव्या बांधकामाचा दर २,२०० रुपये धरला तर ४४ लाख. वीज, नळ, न्हाणीघरं, खिडक्या, पॉलिश, रंग अशा साध्या नूतनीकरणाला ९०० रुपयांनी १८ लाख.

हातोडीच्या तपासणीत वीस टक्के स्लॅब भदभद निघाला तर ४०० चौरस फूट, ७०० रुपयांनी २ लाख ८० हजार. वर १५ टक्के अनपेक्षित खर्च धरून एकूण २४ लाखांच्या आसपास, म्हणजे नव्याच्या जेमतेम ५५ टक्के. इथे डोळे झाकून दुरुस्ती. साठ टक्के स्लॅब गेलेला असेल तर दुरुस्ती ८ लाख ४० हजार, सगळा कोबा नवा ३ लाख, आणि इतकं बिघडलेल्या घरात अनपेक्षित खर्च वीस टक्के धरायलाच हवा. बेरीज ३५ लाखांवर जाते. नव्याच्या ८० टक्के पैसे घालून हातात जुना पाया आणि जुने कॉलम. आमच्या मते दुरुस्तीचा आकडा नव्याच्या दोन तृतीयांशांपुढे गेला की पाडावं. त्यात सागवान, दगड आणि लोखंड यांची किंमत पाडणाऱ्या ठेकेदाराकडून वळती करून घ्या. ‘पाडायचे इतके’ असा एकरकमी दर मान्य करू नका.

पाडण्याआधी मात्र दोन गोष्टी बघा. जुनं घर रस्त्याच्या जितकं जवळ आहे तितकं नवं बांधू देतीलच असं नाही. डिसेंबर २०२० पासूनच्या एकत्रित विकास नियंत्रण नियमावलीप्रमाणे चारी बाजूंची अंतरं सोडावी लागतात, आणि विकास आराखड्यात रस्तारुंदी असेल तर ती वजा. मूळ एफएसआय (प्लॉटच्या क्षेत्रफळाच्या किती पट बांधता येतं तो आकडा) १.१ धरला तरी चार गुंठ्यांवर ४,७०० चौरस फुटांच्या वर बांधता येतं, असं सांगून मोहात पाडणारे भेटतील. तुम्हाला दोन हजारच हवे असतील तर त्या आकड्याचा उपयोग शून्य. होटगी रोडच्या बाजूला उंच बांधायचा विचार असेल तर विमानतळाच्या उंचीच्या मर्यादेची चौकशी आधी करा. अंगणातल्या कडुनिंबाला हात लावायचा तर महापालिकेच्या वृक्ष प्राधिकरणाची परवानगी लागते.

दुरुस्तीला हे त्रास कमी. प्लास्टर, फरशी, रंग, त्याच जागी दार-खिडकी बदलणं यांना बांधकाम परवानगी लागत नाही. भार घेणारी भिंत, कॉलम, स्लॅब किंवा जिना यांना हात लावला की लागते.

जुळे सोलापुरातलं तयार रो-हाऊस हा तिसरा पर्याय बरेचजण शेजारी ठेवतात. पहिल्या दिवसापासून राहता येतं, कर्ज सहज मिळतं, पूर्णत्वाचा दाखला असेल तर जीएसटी नाही. पण दोन बाजूंना शेजाऱ्याची भिंत, आणि मोकळी जमीन नावापुरती. पुढच्या सहा महिन्यांत राहायला जायचंच असेल, किंवा कामावर रोज लक्ष ठेवायला घरात कुणी मोकळं नसेल, तर तेच घ्या. जुन्या बंगल्याचं काम फोनवरून होत नाही.

कागद

मालमत्ता पत्रकावर धारणाधिकाराचा रकाना वाचा. भाडेपट्टा किंवा भोगवटादार वर्ग २ असा शेरा असेल तर जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी आणि नजराणा (सरकारला भरायची रक्कम) येतो. सोसायटीच्या प्लॉटला सोसायटीचा ना हरकत दाखलाही. नागरी कमाल जमीन धारणा कायदा महाराष्ट्रात २००७ मध्ये रद्द झाला, पण सोलापूर त्याच्या कक्षेत होतं आणि कलम २० च्या सवलतीचे जुने शेरे अजून काही उताऱ्यांवर आहेत. ते वकिलाच्या शोध अहवालात, म्हणजे ३० वर्षांच्या सर्चमध्ये, स्वच्छ लिहून यायला हवेत. महापालिकेच्या कर आकारणी उताऱ्यावरचं नाव मालकी सिद्ध करत नाही.

वारस किती, हे विचारून थांबू नका. सगळ्यांच्या सह्या किंवा नोंदणीकृत हक्कसोडपत्र हवं. लग्न होऊन गेलेल्या बहिणींची नावं ‘त्यांना काही नको आहे’ म्हणून वगळलेली असतात, आणि भांडण तिथूनच उगवतं. एखादा वारस अनिवासी भारतीय असेल तर त्याच्या हिश्शावर टीडीएस १ टक्क्याने नाही, बऱ्याच चढ्या दराने कापावा लागतो. तो कमी कापायचा दाखला त्याने आयकर खात्याकडून आधी आणावा. मागच्या आउटहाउसमध्ये जुना भाडेकरू असेल तर १९९९ चा भाडे नियंत्रण कायदा त्याच्या बाजूने उभा राहतो. रिकामा ताबा खरेदीखताच्या आधी, नंतर नाही.

कर्ज काढणार असाल तर बँकेचा मूल्यांकनकार घराचं उरलेलं आयुष्य विचारतो. स्ट्रक्चरल ऑडिटचा अहवाल तेव्हा कामी येतो, म्हणून तो इसार देण्याआधी नाही तरी इसारासोबत लगेच करून घ्यावा. इसारपावतीत एक कलम असं घालून घ्या: ‘खरेदीदार १५ दिवसांत स्वखर्चाने स्ट्रक्चरल ऑडिट व कोअर टेस्ट करून घेईल, त्यासाठी छताचे व कॉलमचे प्लास्टर ठरावीक ठिकाणी फोडण्यास विकणाऱ्याची संमती आहे, अहवालात स्लॅबचा ३० टक्क्यांहून अधिक भाग दुरुस्तीयोग्य नाही असे आल्यास इसाराची पूर्ण रक्कम ७ दिवसांत परत मिळेल.’ यावर घासाघीस टक्क्यांची होते, होऊ द्या. प्लास्टर फोडायच्या संमतीचं वाक्य मात्र कुठल्याही मसुद्यात गाळू देऊ नका.